चिनीभाषक विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं ‘सगळ्यात’ शिकवताना

मेलबर्नच्या बॉक्स हिल भागात दर शनिवारी सकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेते. वर्ग विनामूल्य असतो. येणाऱ्यांत चीनहून मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा असतात, नोकरी शोधणाऱ्या काही तरुण बायका असतात, मध्येच एखादा कॉलेजातला मुलगाही असतो. आपल्यापैकी काही मराठी मंडळी आता असेच वर्ग सुरू करत आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: बाकी सगळं जमतं, पण ‘टॉलेस्ट’, ‘मोस्ट ब्यूटिफुल’ हे प्रकरण या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसत नाही, काय करावं?

पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी सांगते. फळ्यावर तीन रकाने आखले: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. सगळ्यांनी सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतलं, एका सुरात म्हणून दाखवलं. वीस मिनिटांनी चहाच्या सुट्टीत एक आजी कप हातात धरून मनापासून म्हणाल्या, “लाओशी, दिस टी मोस्ट गुड.” लाओशी म्हणजे शिक्षक. तक्ता त्यांना पाठ होता, पण बोलताना तो कामी आला नव्हता.

पुढे माझ्या लक्षात आलं की ‘सगळ्यात’ ही कल्पना त्यांना शिकवावीच लागत नाही. चिनीत ती एका छोट्या शब्दाने एका जागी व्यक्त होते आणि विशेषण जसंच्या तसं राहतं. इंग्रजी मात्र त्याच कल्पनेसाठी वाक्यात तीन-चार जागी खुणा मागते. आपली मराठीही या बाबतीत चिनीच्याच बाजूची आहे. ‘उंच’ला आपण काही चिकटवत नाही, मागे ‘सगळ्यात’ लावतो आणि मोकळे होतो. म्हणून हा वर्ग घ्यायला मराठी माणूस फार योग्य आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. त्यांची अडचण आपल्याला आतून समजते.

हाताशी काय हवं

- एकाच प्रकारच्या, पण लहान-मोठ्या तीन वस्तू. तीन पेले, तीन बटाटे, काहीही.
- किमती लिहायला कोरी कार्डं आणि जाड पेन.
- चीनचा भिंतीवरचा नकाशा. जगाचा असेल तर दोन्ही.
- फोनवर प्लेको हा चिनी-इंग्रजी शब्दकोश. अडलेला चिनी शब्द विद्यार्थी त्यात बोटाने लिहून दाखवू शकतात.
- सुपरमार्केटची त्या आठवड्याची जाहिरातपत्रकं.

पाठ्यपुस्तक पहिल्या दोन तासांना नेऊ नका.

१. आधी तुम्ही एक चिनी शब्द शिका

शब्द आहे ‘च्वेइ’. यातला च ‘चोर’ आणि ‘चमचा’ यांतला आहे, ‘चिमणी’तला नव्हे. इंग्रजी माणसाला हा आवाज सापडायला वेळ लागतो, आपल्याकडे तो जन्मापासून आहे. सूर वरून खाली झटकन आणायचा, एखाद्याला ठामपणे “नाही!” म्हणतो तसा.

‘काओ’ म्हणजे उंच, ‘च्वेइ काओ’ म्हणजे सगळ्यात उंच. ‘हाओ’ म्हणजे चांगलं, ‘च्वेइ हाओ’ म्हणजे सगळ्यात चांगलं. विशेषण लहान असो की लांबलचक, च्वेइ लावलं की काम झालं. ‘तो सगळ्यात उंच आहे’ याला चिनी माणूस ‘था च्वेइ काओ’ म्हणतो. शब्दशः ‘तो सगळ्यात उंच’. ‘आहे’ नाही, ‘द’ तर नाहीच.

आता आजींचं वाक्य परत वाचा. “दिस टी मोस्ट गुड.” च्वेइच्या जागी मोस्ट, हाओच्या जागी गुड. त्यांनी चुकीचं काही केलंच नव्हतं, स्वतःच्या भाषेशी प्रामाणिक राहून शब्दाला शब्द ठेवला होता. शब्दकोशात च्वेइचा पहिला अर्थ ‘मोस्ट’ असाच सापडतो, त्यामुळे ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

ज्यांची इंग्रजी शाळेत झाली आहे त्यांना तमभावाचं, म्हणजे विशेषणाच्या या ‘सगळ्यात’वाल्या रूपाचं, चिनी नाव माहीत असतं: ‘च्वेइ-काओ-ची’, म्हणजे सर्वोच्च श्रेणी. ते नाव उच्चारलंत की वर्गातले अर्धे चेहरे उजळतात. उरलेले शाळेत इंग्रजी शिकलेलेच नसतात. त्यांच्यापुढे व्याकरणाची नावं घेऊ नका.

२. माणसांची तुलना करू नका, वस्तू मांडा

इंग्रजीच्या बऱ्याच पुस्तकांत या धड्याची सुरुवात ‘वर्गात सगळ्यात उंच कोण?’ अशी असते. पाच-सहा मुलांना ओळीत उभं करायचं आणि बोलायचं. प्रौढांच्या वर्गात हे करू नका. सगळ्यात उंच कोण हे ठरलं की सगळ्यात बुटकं कोण हेही ठरतं. चारचौघांत मान राखणं, ज्याला चिनीत ‘म्येन-त्स’ म्हणतात, ते या पिढीसाठी फार मोठं असतं. ओळीच्या टोकाला उभा राहिलेला माणूस पुढच्या शनिवारी येत नाही.

त्यापेक्षा भाजीबाजार मांडा. मी टेबलावर तीन बटाटे ठेवते आणि पुढे कार्डं: दोन डॉलर, तीन डॉलर, पाच डॉलर. मग विचारते, कुठला घ्याल? हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे, त्यामुळे उत्तर लगेच येतं. “मोस्ट चीप.” मी दोन डॉलरचं कार्ड उचलते आणि हळू म्हणते, “द चीपेस्ट.” एवढंच. कारण सांगत नाही, नियम सांगत नाही. मग जाहिरातपत्रकं वाटते आणि प्रत्येकाने त्यातली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महाग, सगळ्यात मोठी वस्तू शोधायची. अर्ध्या तासात ‘द चीपेस्ट’ तीस-चाळीस वेळा कानावरून जातं.

याच ओघात एक उपयोगी वाक्य देऊन टाका. चिनी बाजारात घासाघीस करताना ‘सगळ्यात स्वस्त किती?’ असं विचारतात. ते इथे “चीपेस्ट हाउ मच?” होऊन बाहेर येतं. दुकानदाराला कळतं, पण बोलणाऱ्याला संकोच वाटत राहतो. “व्हॉट्स युअर बेस्ट प्राइस?” हे पूर्ण वाक्य पाठ करून घ्या. आमच्या वर्गात कोणतं वाक्य सगळ्यात जास्त वापरलं गेलं असेल, तर हेच.

३. ‘द’ आधी पक्का करा

चिनीत ‘द’ नाही. मराठीतही नाही. शाळेत आपल्यालाही तो सारखा निसटायचा, आठवून पाहा. म्हणून ‘द’ म्हणजे काय हे समजावत बसू नका. एकच गोष्ट सांगा: जगात अनेक असतात, पण ‘सगळ्यात’ म्हटलं की बोट एकीवरच जातं, आणि ते बोट म्हणजे ‘द’.

हे मी बोटांवरच शिकवते. डावा हात पसरायचा. करंगळी इंग्रजी ‘ही’ (म्हणजे ‘तो’), अनामिका ‘इज’, मधलं बोट ‘द’, तर्जनी ‘टॉलेस्ट’. उजव्या हाताने एकेका बोटाला स्पर्श करत वाक्य म्हणायचं. कुणी “ही टॉलेस्ट” म्हणालं की मी काही न बोलता माझी अनामिका आणि मधलं बोट दाबून दाखवते. दोन बोटं रिकामी राहिली हे त्यांना दिसतं. तोंडाने “चूक” म्हणण्यापेक्षा हे कितीतरी हळुवार असतं. महिन्याभरात ते बोलताना स्वतःच टेबलाखाली बोटं मोजायला लागतात.

उच्चाराबद्दल थोडं. इंग्रजी ‘द’साठी जीभ दातांमध्ये येते, तो आवाज चिनीतही नाही आणि मराठीतही नाही. चिनीभाषक त्याचा ‘झ’सारखा किंवा ‘ड’सारखा उच्चार करतात. आपला मराठी द सगळ्यांना कळतो. तेवढं आलं तरी पुरे, यावर वेळ घालवू नका. पुढे स्वर आला की तो ‘दी’ होतो, म्हणजे ‘दी ओल्डेस्ट’, ‘दी ईझिएस्ट’, इतकं मात्र ऐकवून ठेवा.

सापळा एकच आहे. ‘माझा सगळ्यात जवळचा मित्र’ म्हणताना ‘द’ जातो. “माय बेस्ट फ्रेंड”, “चायनाज लाँगेस्ट रिव्हर”. ‘द’ एकदा अंगवळणी पडला की विद्यार्थी “माय द बेस्ट फ्रेंड” म्हणू लागतात. हे कानावर आलं तर काळजी करू नका, ‘द’ रुजल्याची ती खूण असते. मधल्या बोटावर एका वेळी एकच बसू शकतो, ‘द’ किंवा ‘माय’, असं सांगितलं की बहुतेकांना पटतं.

४. शेवटचा ‘स्ट’

इथे मात्र थांबा, घाई करू नका. माझ्या मते या धड्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि आपण मराठी शिक्षक नेमके इथेच बेसावध असतो. मस्त, स्वस्त, जास्त, शिस्त. आपण दिवसभर शब्दाच्या शेवटी ‘स्त’ बोलतो, म्हणून समोरच्याला तो का जमत नाही हे आपल्या ध्यानातच येत नाही.

चिनीच्या प्रमाण बोलीत अक्षराचा शेवट स्वरात होतो, नाहीतर न् किंवा ङ् या नाकातल्या आवाजांत. बीजिंगकडे र् सुद्धा येतो. बाकी व्यंजन शेवटी येत नाही, दोन व्यंजनं एकत्र तर नाहीच. त्यामुळे ‘बेस्ट’चं एक तर ‘बेस’ होतं किंवा शेवटी एक स्वर चिकटून ‘बेस्-त-अ’ होतं. हाँगकाँग-ग्वांगचौकडचे कॅन्टोनीज बोलणारे विद्यार्थी असतील तर त्यांच्या भाषेत शेवटी प्, त्, क् येतात, पण गिळलेले. जोडाक्षर त्यांनाही अवघडच जातं.

उपाय असा की ‘ट’ला शेवटी ठेवायचंच नाही, पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला पाठवायचं. ‘टॉलेस्ट इन’ असं तोडून न म्हणता ‘टॉले-स्टिन’, आणि तेही जड गेलं तर ‘टॉलेस्-टिन’. ‘द बेस्ट ऑफ ऑल’ म्हणजे ‘द बेस्-टव्-ऑल’. अक्षराच्या सुरुवातीचा ‘ट’ त्यांना सहज येतो. त्याला फक्त जागा बदलून दिली. फळ्यावर लिहिताना मी ‘ट’ खरोखरच पुसते आणि पुढच्या शब्दाला जोडून लिहिते. ज्या आजींचं चहाचं वाक्य वर सांगितलं, त्या “द बेस्-टिन बॉक्स हिल” म्हणाल्या तेव्हा स्वतःच्याच आवाजाकडे आश्चर्याने कान देऊन बसल्या होत्या.

म्हणून सुरुवातीच्या सरावाला सगळी वाक्यं स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाची घ्या: इन, ऑफ, आय हॅव. पुढे व्यंजन आलं, जसं ‘बेस्ट फ्रेंड’, तर ‘ट’ ऐकू आला नाही तरी सोडून द्या. अस्खलित इंग्रजी बोलणारेसुद्धा तिथे ‘बेस्फ्रेंड’ असंच बोलतात. लिहिताना ‘ट’ हवाच, हे मात्र सांगून ठेवा.

५. ‘एस्ट’ की ‘मोस्ट’

नियम सगळ्या पुस्तकांत आहे, थोडक्यात लिहिते. शब्द म्हणताना प्रत्येक उच्चारी तुकड्याला एक टाळी वाजवायची. शब्द एका टाळीचा असेल तर एस्ट: टॉल, चीप, ओल्ड. दोन टाळ्यांचा आणि शेवटी ‘ई’चा आवाज असेल तरी एस्ट: हॅपी, बिझी, हेवी. बाकी लांब शब्दांना मोस्ट: ब्यूटिफुल, एक्स्पेन्सिव्ह. क्लेव्हर, सिंपल अशा काहींना दोन्ही चालतं. गुडचं बेस्ट, बॅडचं वर्स्ट, लिटलचं लीस्ट, मेनी आणि मचचं मोस्ट, ही पाठच करायची. लिहिताना बिगेस्टमध्ये जी दोनदा, हॅपिएस्टमध्ये वायचा आय.

अडचण नियमात नसते, टाळ्या मोजण्यात असते. चिनीत एक चित्राक्षर म्हणजे एक टाळी, त्यामुळे मोजायची सवय त्यांना उत्तम असते. पण परका शब्द ते आधी आपल्या पद्धतीने फोडतात. स्कॉटलंडला चिनीत ‘सू-क-लान’ म्हणतात, दोन टाळ्यांचा शब्द तीन टाळ्यांचा झाला. तसंच ‘स्मार्ट’ एका आजोबांच्या तोंडी ‘स-मा-त’ व्हायचा. तीन टाळ्या, म्हणून ते नियमाला धरून “मोस्ट स्मार्ट” म्हणायचे. त्यांचा नियम बरोबर होता, उच्चार शब्द लांबवत होता. अशा वेळी नियम परत सांगू नका, शब्द एका टाळीत म्हणायला शिकवा.

दुसरी चूक “मोस्ट टॉलेस्ट” ही. च्वेइसाठी मोस्ट आलं आणि नव्याने शिकलेलं एस्टही आलं. हिच्यावर रागावू नये यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवते. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ या आपल्या शब्दांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे भाषेच्या इतिहासात एकाच मुळातून आले आहेत. श्रेष्ठ म्हणजेच सगळ्यात उत्तम. तरी आपण ‘सर्वात श्रेष्ठ’ म्हणतो, ‘श्रेष्ठतम’ही लिहितो. प्रत्ययातला अर्थ कानाला पुरेसा वाटला नाही की माणूस आणखी एक शब्द जोडतो. चिनी विद्यार्थी तेच करतो आहे. मी एवढंच सांगते की ‘एस्ट’च्या पोटात च्वेइ आहे, दुसरा च्वेइ नको. हे वाक्य अर्धं चिनीत सांगितल्यामुळे चटकन पोचतं.

६. कशात? ‘इन’ आणि ‘ऑफ’

सगळ्यात उंच म्हटलं की कशात ते सांगावं लागतं. चिनी माणूस हे वाक्याच्या सुरुवातीला सांगतो: ‘आमच्या वर्गात तो सगळ्यात उंच’. आपणही तसंच बोलतो. इंग्रजी ते शेवटी नेते. हा क्रम चार-सहा दिवसांत बसतो.

बसत नाही ते इन आणि ऑफ. मराठीत ‘वर्गात उंच’ आणि ‘तिघांत उंच’, दोन्हीकडे एकच त. म्हणून आपणसुद्धा इथे घसरतो, तेव्हा शिकवण्यापूर्वी स्वतःचं वाक्य तपासा. जागा किंवा गट असेल तर इन: इन चायना, इन द क्लास. मोजलेल्या वस्तू असतील तर ऑफ: ऑफ द थ्री, ऑफ ऑल.

नकाशा इथे उघडा. मी विचारते, सगळ्यात उंच पर्वत कोणता? सगळे एका आवाजात “चुमुलांगमा!” म्हणतात. हे एव्हरेस्टचं चिनी नाव, तुम्हाला ठाऊक असू द्या, नाहीतर वर्गात गोंधळ होतो. २०२०च्या डिसेंबरमध्ये चीन आणि नेपाळने मिळून त्याची उंची ८८४८.८६ मीटर जाहीर केली. मग विचारते, आणि ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर? कोसियुस्को, २२२८ मीटर. दोघांच्याही मागे ‘द हायेस्ट’ लागतं, फरक फक्त ‘इन’च्या पुढे काय आहे याचा. एकदा वर्गाने मला उलट विचारलं, तुमच्याकडे कोणता? मी नकाशावर नाशिक-अहिल्यानगरच्या सीमेजवळ बोट ठेवून सांगितलं, “कळसूबाई, द हायेस्ट इन महाराष्ट्रा, १६४६ मीटर्स.” पुढचा अर्धा तास प्रत्येकाने आपापल्या प्रांतातला सगळ्यात उंच डोंगर सांगितला. असा सराव ठरवून करायला गेलं तर होत नाही. सुरू झाला की मध्ये पडू नका.

परीक्षेला बसणाऱ्यांना आणखी एक सांगा. दोनच वस्तू असतील तर ‘द टॉलर ऑफ द टू’, तिथे टॉलेस्ट नाही. चीनमधल्या बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत, काओखाओत, इंग्रजीचे १५० गुण असतात आणि कंसातल्या शब्दाचं योग्य रूप भरायचा एक प्रश्न असतो. तिथून आलेल्या मुलांना ही रूपं लिहिण्यात तुमची मदत बहुधा लागत नाही. त्यांना फक्त बोलायला लावा.

७. ‘पैकी एक’ आला की अनेकवचन

कॉलेजच्या मुलांच्या निबंधात ‘वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट’ हे इतक्या वेळा येतं की हा धडा वगळताच येत नाही. आणि दर वेळी पुढे एकवचन: “वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल सिटी.”

चिनी नामाला अनेकवचनाचं वेगळं रूप नसतं. एक शहर, दहा शहर. ‘पैकी एक’ अर्थाचे शब्द ते वाक्यांशाच्या अगदी शेवटी लावतात, तोवर नाम होऊन गेलेलं असतं. या ठिकाणी मराठीने आपल्याला तयार करून ठेवलं आहे. ‘शहरापैकी एक’ आपल्या तोंडून निघतच नाही, ‘शहरांपैकी’च निघतं. म्हणून त्यांची चूक आपल्याला लगेच खटकते आणि आपण नुसता एस लावून पुढे जातो. तसं करू नका. कागदावर पाच शहरं लिहायला लावा: शांघाय, हांगचौ, छंगतू, शीआन, सूचौ. सगळ्यांभोवती एक गोल काढा, शेजारी ‘सिटीज’ लिहा. मग त्यातल्या एकाखाली रेघ मारा आणि म्हणा, “हांगचौ इज वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल सिटीज.” गोल म्हणजे सिटीज, रेघ म्हणजे वन. वाक्याची सुरुवात ‘वन ऑफ’ने झाली तर क्रियापद रेघेप्रमाणे लागतं, गोलाप्रमाणे नाही: “वन ऑफ द मोस्ट ब्यूटिफुल सिटीज इज हांगचौ.”

८. तिसरी लांब नदी

यांगत्सेला चिनीत छांगच्यांग म्हणतात, नावाचा अर्थच लांब नदी. लांबी सुमारे ६३०० किलोमीटर, आशियात पहिली, जगात तिसरी. हे सांगताना विद्यार्थी “वर्ल्ड थर्ड लाँग रिव्हर” म्हणतात, कारण क्रमांक आला की चिनीत च्वेइ लागतच नाही. मराठीही खरं तर ‘लांबीत जगात तिसरी’ असंच म्हणते, ‘तिसरी सर्वात लांब’ ही बातम्यांमधली भाषा इंग्रजीवरून आली. इंग्रजीत मात्र क्रमांकानंतरही एस्ट हवं: “द थर्ड लाँगेस्ट रिव्हर इन द वर्ल्ड.” शांघाय टॉवर, ६३२ मीटर, चीनमधली सगळ्यात उंच इमारत, सरावाला चांगली पडते.

९. जिथे च्वेइ असतं, पण तमभाव नसतो

हा भाग पुस्तकांत सहसा नसतो, म्हणून सविस्तर लिहिते. च्वेइ काही शब्दांत असा मुरलेला आहे की त्याचा ‘सगळ्यात’ हा अर्थ पार मागे पडला आहे. विद्यार्थी तिथेही मोस्ट किंवा एस्ट शोधत बसतो.

‘च्वेइ-चिन’ म्हणजे शब्दशः सगळ्यात जवळ, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘अलीकडे’. कुणी “नीअरेस्ट आय अ‍ॅम बिझी” म्हणालं तर त्याला ‘हल्ली मी कामात आहे’ म्हणायचं असतं. इंग्रजी शब्द द्या: रीसेंटली.

‘च्वेइ-होउ’ म्हणजे सगळ्यात मागचं, अर्थ ‘शेवटी’. इथे ‘फायनली’ किंवा ‘इन दी एंड’.

‘च्वेइ-हाओ’ म्हणजे सगळ्यात चांगलं, पण क्रियापदापुढे आलं की ‘केलेलं बरं’. “यू बेस्ट गो डॉक्टर” हे “यू शुड गो टू द डॉक्टर” करा. ‘यू हॅड बेटर’ पुस्तकात देतात, पण ते ऐकणाऱ्याला दटावल्यासारखं वाटू शकतं, आणि आजी ते शेजारणीला म्हणणार असतात.

‘च्वेइ शी-ह्वान’ म्हणजे सगळ्यात जास्त आवडतं. “आय मोस्ट लाइक डंपलिंग” येतं, ते “आय लाइक डंपलिंग्ज द मोस्ट” किंवा सरळ “माय फेव्हरिट” करा. भीती वाटणं, आठवण येणं या क्रियापदांचंही तसंच, मोस्ट वाक्याच्या शेवटी जातो.

आणि ‘द’ नसलेला मोस्ट. “मोस्ट स्टुडंट्स” म्हणजे बहुतेक विद्यार्थी. ‘द’ इतक्या मेहनतीने रुजवल्यावर मुलं इथेही “द मोस्ट स्टुडंट्स” म्हणू लागतात. हा फरक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढा, आधी नको.

आणखी एक सापळा व्याकरणाबाहेरचा आहे. मी एकदा सगळ्यांना आपापल्या दुकानाची जाहिरात लिहायला सांगितली. तमभाव भरभरून येईल असं वाटलं होतं. चीनमध्ये दुकान चालवून आलेल्या दोघांनी एकही ‘बेस्ट’ लिहिला नाही. विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे त्याला कायद्याने बंदी आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित जाहिरात कायद्याच्या नवव्या कलमानुसार ‘राष्ट्रीय दर्जाचं’, ‘सर्वोत्कृष्ट’ यांसारखे शब्द जाहिरातीत चालत नाहीत. त्या यादीतला आणखी एक शब्द आहे ‘च्वेइ-काओ-ची’, म्हणजे व्याकरणात तमभावाला जे नाव आहे तेच. तेव्हापासून मी जाहिरातीऐवजी घरच्यांना लिहायचं पत्र देते: मेलबर्नमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं, सगळ्यात अवघड काय गेलं.

१०. ‘मी खाल्लेला सगळ्यात गोड आंबा’

शेवटची रचना ही. मराठी आणि चिनी इथे इतक्या सारख्या चालतात की मला दर वेळी नवल वाटतं. आपण म्हणतो, ‘मी आजवर खाल्लेला सगळ्यात गोड आंबा’. चिनी माणूस म्हणतो, ‘मी खाल्लेला सगळ्यात गोड आंबा’. क्रम तोच. आपल्या ‘लेला’चं काम त्यांच्याकडे ‘क्वो’ आणि ‘तअ’ हे दोन छोटे शब्द मिळून करतात, क्वो म्हणजे हा अनुभव घेऊन झाला आहे. नाम सगळ्यात शेवटी.

इंग्रजी हे उलटं लावते. आधी ‘द स्वीटेस्ट मँगो’, मग ‘आय हॅव एव्हर ईटन’. विद्यार्थी “आय ईट मोस्ट स्वीट मँगो” म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा रोज गोड आंबे खातो. शिकवताना दोन पट्ट्या करा. एकीवर ‘द स्वीटेस्ट मँगो’, दुसरीवर ‘आय हॅव एव्हर ईटन’. विद्यार्थ्याने आधी आपल्या क्रमाने पट्ट्या लावायच्या, चिनीत वाक्य म्हणायचं, मग हाताने पट्ट्यांची अदलाबदल करून इंग्रजीत म्हणायचं. हात फिरला की क्रम डोक्यात फिरतो. ‘हॅव एव्हर ईटन’ हा काळ वेगळा शिकवू नका, क्वो म्हणजे हॅव एव्हर एवढं सध्या पुरे.

या धड्याला डिसेंबर-जानेवारी गाठा, इथे तेव्हा आंबे येतात. मी केन्सिंग्टन प्राइड जातीचे दोन आंबे कापून नेते. फोड तोंडात असतानाच बोलायला लावते. मी कोकणातल्या हापूसचं नाव घेतलं की क्वांगशीची एक बाई ठाम नकार देते, तिच्या गावचा आंबा द स्वीटेस्ट. मग मी ‘एव्हर’ दाखवते: तू खाल्लेल्यांत तुझा, मी खाल्लेल्यांत माझा, दोन्ही वाक्यं खरी. ‘स्वीटेस्ट’नंतर ‘मँगो’ येतो म्हणून ‘ट’ ऐकू येत नाही, तिथे टोकू नका. ‘द’ आला का, पट्ट्यांचा क्रम बरोबर आहे का, एवढंच पाहा. पुढच्या शनिवारी वर्ग परत तीन बटाट्यांपासून सुरू करा, फक्त कार्डांवरच्या किमती बदला.